सरकारी पिंजऱ्यातली कबरी

सुमनबाई साळवेची शेळी बिबट्याने नेली असती तर गोष्ट सोपी होती. वनखात्याचा गार्ड आला असता, पंचनामा झाला असता, भीमनगर वस्तीतल्या चार बायका दारात येऊन हळहळल्या असत्या, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सुमनबाईने दुसरं पिल्लू आणलं असतं. पण तिची शेळी बिबट्याने नेलीच नाही. ती गावाने मागून नेली आणि सरकारी पिंजऱ्यात ठेवली. पुढं त्याच शेळीपायी सुमनबाई स्वतः त्या पिंजऱ्यात अडकली. बोरखेडीत आता ही गोष्ट फक्त हसण्यासाठी सांगतात, म्हणून एकदा नीट सांगायला हवी.

बोरखेडी घोडेगावपासून सात-आठ किलोमीटरवर. कालव्याचं पाणी आलं तसा शिवारात ऊस आला, आणि उसामागून बिबट्या आला. आता त्याला डोंगर ठाऊक नाही की जंगल ठाऊक नाही. तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. वर्षभर हलत नाही असं दाट रान, आत गारवा, कालव्याच्या चारीला पाणी, गावात कुत्री. त्याला आणखी काय पाहिजे? वनखात्याच्या नकाशावर बोरखेडीत झाड नाही, वन नाही, पण वन्यप्राणी आहे. वीस गावांना मिळून प्रशांत नावाचा एकच तरणा गार्ड आहे, आणि त्याच्याकडे एक मोटरसायकल आहे.

सुमनबाईचं वय अठ्ठावन्न. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. लेक सुरेखा चाकणला दिलेली. घर दोन खोल्यांचं, आणि दारात कायम एक शेळी. रोज कुणाच्या तरी शेतात खुरपणी, नाहीतर उसाची बांधणी. बाई तोंडाने फटकळ, पण हाताने मोकळी. वस्तीत कुणी बाळंतीण झाली की सकाळचं शेळीचं दूध तिच्याकडे जायचं आणि सुमनबाई कोरा चहा प्यायची. कबरी तिने घोडेगावच्या बाजारातून काखेत घालून आणली होती. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, एक कान फाटका, आणि स्वभावाने मालकिणीसारखीच हट्टी. यंदा ती गाभण होती, साडेतीन महिन्यांची. पोट बघून मालनबाई म्हणाली होती, दोन हायेत. मालनबाई म्हणजे शेजारीण, भिंतीला भिंत, तिच्याही दारात एक शेळी. दोघींचं दिवसातून एकदा भांडण व्हायचं आणि दोनदा चहा.

भाद्रपदात राधाकृष्ण अण्णांच्या गोठ्यातलं वासरू बिबट्याने ओढून नेलं. अण्णा गावचे मोठे बागायतदार, चाळीस एकर ऊस. त्याआधी भीमनगरातली सात कुत्री आणि मालनबाईच्या कोंबड्या गेल्या होत्या, पण तेव्हा बिबट्या आल्याचं कुणाला कळलं नव्हतं. वासरू गेल्यावर कळलं. लोक रस्त्यावर बसले, बसगाड्या अडवल्या, पिंजरा लावा म्हणून घोषणा झाल्या. प्रशांत हात जोडून सांगत होता, पिंजऱ्याला वरून परवानगी लागते. बिबट्याला कायद्याचं संरक्षण वाघाइतकंच. त्याला धरायचं तर आधी कागद धरावा लागतो, आणि कागद बिबट्यापेक्षा चपळ. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथं अकरा दिवसांत पिंजरा आला, हे उपकारच म्हणायचे.

पिंजरा अण्णांच्या उसाच्या कडेला उतरवला. लोखंडी, लांबट, मधोमध जाळी. पुढच्या खणात बिबट्याने यायचं, मागच्या खणात त्याला दिसेल अशी शेळी. पुढच्या खणात खाली एक पाटी. तिच्यावर पाय पडला की वरचा दरवाजा धाडकन खाली. सगळं दाखवून झाल्यावर प्रशांत म्हणाला, "आता शेळी आणा कुणीतरी."

"शेळी तुमी न्हाई आनली?" कुणीतरी विचारलं.

"पिंजरा आमचा, शेळी गावाची. खात्यात शेळीची तरतूद नाही."

 अण्णांच्या गोठ्यात आठ शेळ्या होत्या, जातिवंत. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. अण्णा स्वतःच म्हणाले, "माझ्या शेळ्या गोठ्यात वाढलेल्या. त्यास्नी भायेरची हवा सोसत न्हाई." आणि मग त्यांनी गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या सुमनबाईकडे मान वळवली. "सुमनबाई, तुमची कबरी हाय की. दोन दिसांचा तर सवाल."

"अण्णा, ती गाभन हाय."

"मग तिला काय हुतंय? मधी जाळी हाय. तिला त्याचं नख बी लागायचं न्हाई."

सुमनबाईला नाही म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण कबरीला जे गवत ती कापायची ते अण्णांच्या बांधावरचं, आणि वर्षातली निम्मी खुरपणी अण्णांच्या रानातली. गरिबाची बायको सगळ्यांची वहिनी म्हणतात. गरिबाची शेळीही तशीच, सगळ्या गावाची. तिने दावं सोडून हातात दिलं. कबरी दहा पावलं गेली आणि मान वळवून ओरडली, तेव्हा सुमनबाई पाठ फिरवून घराकडे चालू लागली.

संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं, चारापाण्याचं कोण बघणार? तिने प्रशांतला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, ते मालकानं बघायचं असतं."

म्हणजे असं झालं. गावच्या वेशीवर खात्याने पिवळा फलक लावला होता: उसाजवळ एकट्याने जाऊ नका, सकाळ-संध्याकाळ बाहेर पडणं टाळा, जाणं भागच असेल तर मोठ्याने बोलत जा. आणि त्या फलकाखालून सुमनबाई रोज दोन वेळा, एका हातात गवताची पेंडी आणि दुसऱ्या हातात पाण्याची कळशी घेऊन, चारीच्या काठाने दीड किलोमीटर चालत बिबट्यापाशी जायची. गाव बिबट्यापासून वाचावं म्हणून. सूचनेप्रमाणे ती मोठ्याने बोलायची, म्हणजे शिव्या द्यायची. बिबट्याला द्यायची, अण्णांना द्यायची, सरकारला द्यायची, आणि शिव्या संपल्या की स्वतःच्या कपाळाला द्यायची. उसात पान वाजलं की तिचा आवाज चढायचा.

दोन दिवसांचे नऊ झाले. बिबट्या यायचा, पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारायचा, सकाळी मातीत ठसे दिसायचे. आत मात्र शिरायचा नाही. गजांपलीकडे रात्रभर तो बसतो आणि आपण दावणीला असतो, हे काय असतं ते शेळीला विचारावं. कबरीने खाणं टाकलं. लेंड्या पातळ झाल्या. ओरडून ओरडून तिचा घसा बसला आणि नंतर ती नुसतं तोंड उघडायची, आवाज यायचा नाही. सुमनबाईने अण्णांना सांगितलं, प्रशांतला सांगितलं. दोघं म्हणाले, आता एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे.

दहाव्या दिवशी दुपारी चारला ती गेली तर कबरी मधल्या जाळीला टेकून बसली होती आणि उठत नव्हती. पाण्याचं घमेलं लवंडलेलं. शेळीच्या खणाला मागून झडप होती, तिची कडी आधीच वाकडी होती, सुमनबाई ती रोज दगडाने ठोकून उघडायची. त्या दिवशी ती हललीच नाही. तिने ठोकलं, ओढलं, बोट चेचून घेतलं. बाजूच्या गजांतून कबरीपर्यंत हात पोचेना. कबरी बघत होती. शेवटी बाईने पदर खोचला, कळशी उचलली आणि पुढच्या दरवाजाने आत शिरली. पाटी तिला ठाऊक होती. ती ओलांडून ती वाकून जाळीपर्यंत गेली, जाळीला ओंजळ लावून पाणी पाजलं, जाळीला टेकलेल्या पोटाला बोटं लावून पाहिली. आत काहीतरी हललं. तिला इतका आनंद झाला की ती तशीच वाकलेली, मागं मागं सरकत बाहेर निघाली, आणि तिची टाच पाटीवर पडली.

दरवाजा पडल्याचा आवाज अर्ध्या शिवारात गेला. पंधरा मिनिटांत मोटरसायकली धुरळा उडवत आल्या. "घावला! घावला!" म्हणत पोरं धावली, मोबाईल वर धरून. जवळ येऊन बघतात तर आत सुमनबाई.

मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. माणसं पोट धरून बसली. एकजण म्हणाला, "आरं, हिला कुठं सोडायची आता, कोन्त्या जंगलात?" अण्णाही हसले. सुमनबाई ओरडून सांगत होती, "हसताय काय रं, दार उचला!" दोघांनी उचललं असतं तर दार वर गेलं असतं. दोघं पुढं झालेही. पण अण्णांनी त्यांना अडवलं, "हात लावू नका. सरकारी पिंजरा हाय. मागं एका गावानं उघडला तर पोरांवर केस झाली." केस म्हटल्यावर सगळ्यांचे हात खिशात गेले आणि तिथून मोबाईलसकट बाहेर आले. प्रशांतला फोन झाला. तो तालुक्याला मीटिंगमध्ये होता. बिबट्यांबाबत जनजागृतीची मीटिंग होती. म्हणाला, येतो, तोवर काही छेडू नका.

"आज्जी, जरा हिकडं बघा की!" पोरं म्हणत होती. सुमनबाईने तोंडावर पदर ओढला आणि जाळीकडे वळून बसली. आयुष्यभर ती कुणापुढं हात पसरायला गेली नव्हती. भूक झाकली होती, नवऱ्याचं आजारपण झाकलं होतं, आणि आज गाव तिला चारी बाजूंनी गजांतून बघत होतं. ती रडली नाही. रडली असती तर तेही मोबाईलमध्ये गेलं असतं.

दीड-दोन तास गेले. सूर्य कलला, आणि लोकांना एकदम आठवलं की ही बिबट्याची वेळ. गर्दी चुळबुळली, मोटरसायकली सुरू झाल्या. अण्णा जाताना म्हणाले, "तुमाला काय भ्या न्हाई, सुमनबाई. तुमी आत हायसा." ते खोटंही नव्हतं. साऱ्या शिवारात त्या घडीला बिबट्यापासून सुरक्षित अशी ती एकच बाई होती.

एकटी मालनबाई थांबली. हातात काठी घेऊन ती पिंजऱ्याच्या टपावर चढून बसली आणि प्रशांत येईपर्यंत तासभर मोठमोठ्याने बोलत राहिली, भावजयीच्या कागाळ्या, रेशनच्या दुकानदाराची लबाडी, जे सुचेल ते. तिचा आवाज कापत होता हे सुमनबाईला आतून कळत होतं.

प्रशांतने मालनबाईला हाताशी घेऊन दार उचललं. माणूस वाईट नव्हता, त्याने तिला पाणी दिलं. मग पिशवीतून कागद काढला. "मावशी, जबाब द्यावा लागेल. मी माझ्या निष्काळजीपणामुळे पिंजऱ्यात शिरले, त्यात खात्याचा दोष नाही."

"आन ती कडी?"

"कडीचं मी वर कळवतो."

"मी सही करते. पर माझी शेळी दे. घरी न्हेऊ दे तिला."

तो घुटमळला. "सकाळी नक्की. साहेबांशी बोलतो. दुसरी शेळी बघू." चौथी शिकलेल्या सुमनबाईने बॅटरीच्या उजेडात, चष्म्याशिवाय, स्वतःच्या निष्काळजीपणाखाली सही केली.

सकाळी सुरेखाचा फोन आला. व्हिडिओ चाकणपर्यंत पोचला होता, तिच्या कंपनीतल्या बायकांनीच तिला दाखवला. "आई," ती म्हणाली, "तू पिंजऱ्यात काय करत हुतीस?" सुमनबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला कळेना, नेमकी सुरुवात कुठून करायची. ती म्हणाली, कबरीला पाणी पाजत होते.  सुरेखा म्हणाली, "माझ्या सासरच्यांनी बी पाह्यलं गं."

शेळी मात्र सुटली नाही. प्रशांतने तोंड चुकवत सांगितलं, रात्री पिंजऱ्याजवळ ताजे ठसे मिळालेत, दरवाजापर्यंत आला होता, साहेब म्हणाले आता काही हलवू नका. सुमनबाई म्हणाली, "मी सही केली ना रं बाबा." तो म्हणाला, सही वेगळी आणि हे वेगळं. शिवाय गावात बोललं जाऊ लागलं, बाई मध्ये तडमडली नसती तर बिबट्या कालच सापडला असता. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! तिने कळशी उचलली आणि पुन्हा चारीच्या वाटेला लागली. झडप अडलेलीच होती, पाणी आता गजांतूनच ओतायचं होतं.

चौथ्या दिवशी पहाटे बिबट्या सापडला. या वेळी खरा. सारं गाव लोटलं. फटाके वाजले, अण्णांना हार घातला, त्यांनी पाठपुरावा केला म्हणून. बिबट्या गजांवर डोकं आपटत होता, कपाळातून रक्त येत होतं. मोठी गाडी आली, साहेब आले, डॉक्टर आले. लोकांना मागं सारलं, त्रास होतोय म्हणून त्याच्या पिंजऱ्यावर हिरवं कापड टाकलं. त्याला भुलीचं इंजेक्शन दिलं, दात तपासले, जखमेला मलम लावलं, वजन लिहिलं, कातडीखाली चिप घातली. सुमनबाईला त्याचा राग आला नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं. तोही बिचारा धरूनच आणलेला. तिला राग आला तो त्या मलमाचा.

मागच्या झडपेची कडी प्रशांतने घणाने तोडली. कबरी बाहेर आली नाही, ओढून काढावी लागली. मागच्या पायांवर वाळलेलं रक्त होतं. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, मातीत, तिने टाकलेली दोन पिल्लं होती, मांजराएवढी, केस न आलेली. मालनबाईचा अंदाज बरोबर होता.

सुमनबाई डॉक्टरांकडे गेली. "साहेब, हिला बी जरा बघा."

डॉक्टर भले होते, हात धूत होते. "मावशी, मी वन्यजीवांचा डॉक्टर. हिला जनावरांच्या दवाखान्यात न्या."

"आनि ह्यो दवाखाना कुनाचा, मग?"

त्यांना प्रश्न कळला नाही. गाडी निघाली. बिबट्याला कुठं सोडलं ते गुपित असतं, कायद्याने सांगत नाहीत. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथं तर खाणाऱ्यानेही तिला तोंड लावलं नव्हतं. सुमनबाईने दोन्ही पिल्लं पदरात घेतली आणि चारीच्या काठाला खड्डा करून पुरली. कबरी घरी आली, पण आटलेलीच. अंगणात कुत्रं आलं तरी थरथर कापायची आणि कोपऱ्यात मुतायची. सुमनबाई तिला रात्री खोलीत घेऊन झोपू लागली.

दिवाळी झाली आणि कालव्यापलीकडच्या शिवारात पुन्हा बिबट्या दिसला. तोच की दुसरा, देव जाणे. पुन्हा घोषणा, पुन्हा कागद, आणि या वेळी आठच दिवसांत पिंजरा. अण्णा दोन माणसांना घेऊन भीमनगरात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते सुमनबाईच्या ओट्यावर बसले, चहाही घेतला. "तुमची शेळी पायगुनाची निघाली," ते म्हणाले. "लोक म्हनत्यात, हिच्यावरच बिबट्या येतो."

सुमनबाई उभीच होती. "न्हाई देनार."

"दोन दिसांचा सवाल हाय."

"तुमच्या आठ हायेत, अण्णा. त्यातली एक बांधा. न्हाईतर मला न्हेऊन बांधा. मी आत बसून आल्ये, मला सवय झाली. पर कबरी न्हाई. बांधावर गवत कापू देऊ नका, रानात बोलवू नका, काय करायचं ते करा."

अण्णा कप खाली ठेवून उठले. त्यांच्याबरोबरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. किती तरी दिवसांनी सुमनबाईला पोटभर श्वास आला. तिने दार लावलं आणि कबरीच्या मानेला मिठी मारून बसली. भिंतीपलीकडे थोडा वेळ बोलणं ऐकू आलं, अण्णांचा आवाज, मग शेळीचं ओरडणं. ती लांब लांब जाणारी हाक मालनबाईच्या शेळीची होती, हे तिने ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाई डोक्यावर गवताची पेंडी आणि हातात कळशी घेऊन दारावरून चालली होती. सुमनबाई बाहेर आली.

"मालन, थांब. मी बी येते."

मालनबाई थांबली. डोळे सुजलेले होते. "तू काल दिली असतीस," ती म्हणाली, "तर माझी गेली नसती. तुझी तर अशी बी वाया गेल्याली हुती."

 मालनबाई म्हणत होती ते खरं होतं, आणि आपण पुन्हा नाहीच म्हटलं असतं हेही खरं होतं. तिने मालनबाईच्या हातातली पाण्याची कळशी ओढून घेतली. मालनबाईने ती सोडली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. दोघी पिवळ्या फलकाखालून पुढं गेल्या. उसाशी पोचेपर्यंत मोठ्याने बोलत जायचं असतं, पण दोघींपैकी कुणीच बोललं नाही.